पूर्वेकडील चार गाळ्यांविषयी

मी, दिनकर विश्वनाथ चारठाणकर, वय अठ्ठावन्न, पूर्वी निजामाच्या तामिरात म्हणजे बांधकाम खात्यात नक्शानवीस, नंतर ओव्हरसियर, हल्ली निवृत्त, राहणार परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. बुद्धी ठिकाणावर आहे, छाती तेवढी राहिलेली नाही. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही असा मजकूर घाला, असे वकील दत्तोपंत सांगतात. घालतो. तो पुरता खरा नाही, हे मात्र वाचणाराने ध्यानात ठेवावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. परभणीत स्टेशनरोडच्या मागे माझे स्वकष्टाचे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर आहे. पूर्वेस बोळ, पश्चिमेस तेल्याचे घाण्याचे घर, दक्षिणेस सरकारी विहीर, उत्तरेस रस्ता. हे घर, अंगणातल्या लिंबासह, माझ्यामागे केवळाबाई भ्रतार कै. भुजंग, राहणार ताडकळस, हिला द्यावे. ती माझ्या नात्याची नाही, जातीची नाही. घर तिला का, हे कलम ३ मध्ये आहे. चुलत्याच्या मुलांना फक्त चतुःसीमा वाचून कागद ठेवून द्यायची सवय आहे. त्यांनी पुढेही वाचावे.

कलम २. माझी जर्मन कंपासपेटी, टी-स्क्वेअर, ड्रॉइंगचा तक्ता आणि पितळी पट्टी मुलगी विमल हिला द्यावी. ती औरंगाबादेस शाळेत सायन्स शिकवते. तिची आई कावेरी वारली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तिला मी शिकवले, एवढे एक काम मी नीट केले. घर तिला देत नाही, याला तिची हरकत नाही. तसे तिने पोस्टकार्डावर कळवले आहे. कार्डावर दुसरी ओळ नाही. "कशी आहे तब्येत" हेही नाही. गेल्या दिवाळीत ती आली होती. पाट मांडला होता. तिने विचारले, "बाबा, भुजंगकाका ज्या भिंतीखाली गेले, तिच्या कागदावर सही कोणाची?" मी म्हणालो, "आधी जेवून घे." ती उठली, पिशवी घेतली आणि रात्रीच्या गाडीची वाट पाहायला स्टेशनवर जाऊन बसली. तेव्हापासून आलेली नाही.

कलम ३. हकीकत अशी.

पोलीस ॲक्शननंतर दफ्तरातली उर्दू गेली, इंग्रजी आली, साहेब बदलले. नक्शे काढणारा हात तोच राहिला. त्रेपन्न साली हैदराबादेहून हुकूम आला की पुढेमागे मराठवाड्यात विद्यापीठ होईल, त्यासाठी पिंगळीच्या रस्त्यावर एक संशोधनशाळा बांधावी. शेतकी, रसायन, यंत्र, सगळे एका छपराखाली. माझे वरिष्ठ इंजिनिअर अप्पाराव सोनवाडकर म्हणाले, "काढा काहीतरी, शाळेसारखे. वर्ग, व्हरांडा, झाले."

मी हैदराबादेत बारा वर्षे प्रयोगशाळांची दुरुस्ती केली होती. दर दोन-तीन वर्षांनी कोणी प्रोफेसर नवे यंत्र आणी, ते दारातून जाईना, मग भिंत फोडा. पाण्याचा नळ भिंतीत पुरलेला, तो फुटे. मला कळून चुकले होते की शास्त्रज्ञ आज काय करतो ते त्याला सांगता येते, दहा वर्षांनी काय करील ते त्यालाही ठाऊक नसते. तेव्हा इमारत अशी पाहिजे की तिने हट्ट धरू नये.

म्हणून मी बारा-बारा फुटांचे गाळे काढले. सगळा भार खांबांवर आणि तुळयांवर. मधल्या भिंती नुसत्या सागवानी फळ्यांच्या, खिट्टी काढली की निघणाऱ्या. मागच्या बाजूने माणूस चालेल एवढी बोळ, तिच्यात पाणी, गॅस, विजेच्या तारा उघड्यावर, म्हणजे नळ गळाला तर भिंत फोडायला नको. टेबले जमिनीला जखडलेली नाहीत. आज कापसाचे बी तपासा, उद्या तिथेच इंजिन चालवा.

हा नक्शा कोणाला पटेना. तेव्हा मी ताडकळसचा गवंडी भुजंग याला घेऊन त्या माळावर बांबू, गोणपाट आणि सुतळीचे दोन गाळे खऱ्या मापाने उभे केले. भुजंग हसला. "सायेब, ह्ये घर हाय का तमाशाचा तंबू?"

मी म्हणालो, "मधले गोणपाट काढ."

त्याने काढले. वरचे बांबू जागचे हलले नाहीत. त्याने दुसरे काढले, तिसरे काढले. खांबांभोवती फिरून आला आणि म्हणाला, "म्हंजी भितीवर काईच वजन न्हाई?"

"या इमारतीत कुठल्याच भिंतीवर वजन नाही. पाहिजे ती भिंत काढ, छप्पर पडणार नाही. माझा शब्द."

तो शब्द त्याने ताडकळसच्या बाजारात सांगितला, सासुरवाडीत सांगितला. लोकांना म्हणे, "आमी अशी इमारत बांधायलाव की भिती काडल्या तरी उभी." दोन वर्षे त्याने काम केले. खांबाचा एकही कोपरा त्याने ओळंब्याशिवाय सोडला नाही. असा कारागीर मी हैदराबादेतही पाहिला नाही.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात आम्ही हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलो. फायली कुठे, माणसे कुठे, कोणाला काही कळेना. पूर्वेकडचे चार गाळे तेवढे उरले होते. खांबांचे लोखंड वॅगनमध्ये कुठेतरी अडकले होते. मी तीन आठवडे रोज पिंगळी स्टेशनात जाऊन विचारत होतो. इकडे जानेवारीत मंत्री उद्घाटनाला येणार, पत्रिका छापून झालेल्या. भुजंग त्या महिन्यात हिवतापाने गावी पडून होता. अप्पारावांनी बाहेरची टोळी आणली आणि मला बोलावले.

"चार गाळ्यांत मधले खांब गाळा. विटांची भिंत उचला, तिच्यावर स्लॅब टाका. भिंतसुद्धा उभीच राहते, दिनकरराव."

मी म्हणालो, "साहेब, ही इमारत भिंती हलवण्यासाठी आहे. उद्या कोणी ती भिंत काढली तर?"

"कोण काढतो? आणि हे पूर्ततेचे सर्टिफिकेट. 'मंजूर नक्शाप्रमाणे काम झाले.' सही करा." मी पेन उचलले नाही तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "तुमचे सर्विस बुक हैदराबादेत राहिले की मुंबईला गेले, ते मलाच शोधायचे आहे. निवृत्तीला किती महिने उरले तुमच्या?"

दहा महिने उरले होते. मी सही केली. विटांच्या भिंतीला चुना आणि रंग लावल्यावर ती फळीच्या भिंतीसारखीच पांढरी दिसू लागली. दफ्तरात मूळ नक्शा तसाच लटकत राहिला.

गेल्या वर्षी ऑगस्टात तिथल्या एका प्रोफेसरांना बी उगवून पाहण्याची मोठी पेटी बसवायची होती. दोन गाळे एक करायचे ठरले. त्यांनी नक्शा पाहिला, त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेले, 'मधल्या भिंतींवर भार नाही.' त्यांची चूक नाही. त्यांनी भुजंगला बोलावले. भुजंगने पहार लावली तेव्हा फळीऐवजी वीट निघाली, याचे त्याला नवल वाटले असेल. तो मला विचारायला आला नाही. ताडकळसहून येताना माझे घर वाटेतच लागते. पण विचारायचे कशाला? उत्तर मी पाच वर्षांपूर्वी देऊन ठेवले होते.

स्लॅब सकाळी साडेदहाला खाली आली. भुजंगला तिच्याखालून काढायला दुपार झाली.

चौकशीत मला साक्षीला बोलावले. अधिकाऱ्यांनी विचारले, "भिंत पाडायची लेखी परवानगी गवंड्याकडे होती का?"

मी म्हणालो, "लेखी नव्हती."

अप्पाराव शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पानाचा डबा पुढे केला. मी पान घेतले. अहवालात लिहून आले : गवंड्याच्या निष्काळजीपणामुळे. केवळाबाई दारात उभी होती. तिला कोणी आत बोलावले नाही, मीही नाही.

कलम ४. अप्पाराव सोनवाडकर यांस माझ्या मिळकतीतून उद्घाटनाचा फोटो द्यावा. त्यात ते हार घालून बसले आहेत आणि त्यांच्या खुर्चीमागे मी अर्धा दिसतो. माझा अर्धा भाग कात्रीने कापून जाळावा, उरलेला त्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवावा. नक्शा आपल्या कल्पनेतून निघाला असे त्यांनी मुंबईच्या साहेबांपुढे भाषणात सांगितले होते. त्याचा मला तेव्हा फार राग आला होता. आता वाटते, सगळा नक्शाच त्यांनी नेला असता आणि सहीसुद्धा त्यांचीच असती तर बरे झाले असते.

कलम ५. माझ्या प्रेताला खात्यातल्या कोणीही खांदा देऊ नये. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर 'कर्तव्यदक्ष' हा शब्द वापरू नये.

~~कलम ६. मूळ नक्शा, बदललेल्या कामाची माझी टिपणे आणि माझा कबुलीजबाब लाखेने बंद केलेल्या लिफाफ्यात दत्तोपंतांकडे ठेवला आहे. तो माझ्या मृत्यूनंतर उघडावा आणि कलेक्टरांना द्यावा.~~

कलम ७. वरील कलम मी स्वतः रेघ मारून रद्द केले आहे. कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी खाडाखोडीवरून हे मृत्युपत्र रद्द करू नये.

काल शनिवारी केवळाबाईला बोलावून घेतले. ती आली, उंबऱ्याच्या आत आली नाही. दत्तोपंतांनी सगळे वाचून दाखवले. हकीकत ऐकताना तिने पदर तोंडाला लावला, तो शेवटपर्यंत काढला नाही. लिफाफ्याचे ऐकल्यावर मात्र तिने विचारले,

"त्या चार खोल्यांत आता कोन बसतंय?"

मी म्हणालो, "एक पडली. उरलेल्या तिन्हींत पोरे शिकतात."

"त्या भिती बी तशाच?"

"तशाच."

"आन् तुमी मेल्यावर सांगनार." ती मोठ्याने बोलली नाही. "तुमी कवा मरनार, सायेब? धा वर्सं जगलात तर? त्यवढ्यात आनिक कुनी पहार लावली तर त्याच्या बायकूला कोन्तं घर देनार?"

दत्तोपंत कायद्याचे काही सांगू लागले. मी त्यांना थांबवले.

ती म्हणाली, "घर मी घेनार. माझ्या लेकराला छप्पर पायजे. पर त्येच्यासाटी तुमाला माफ केलं आसं कुटं लिवू नका. माझा मानूस निष्काळजी न्हवता. ह्ये जित्या तोंडानं सांगा, जिथं त्येला निष्काळजी म्हनलं तिथंच."

मी तिला बसा म्हटले, चहा घ्या म्हटले. ती बसली नाही.

म्हणून लिफाफा दत्तोपंतांकडून आज परत घेऊन लाख फोडली आहे. उद्या सोमवारी तो घेऊन मी स्वतः कलेक्टर कचेरीत जाणार. तिथून संशोधनशाळेत जाऊन पूर्वेकडच्या गाळ्यांतली मुले बाहेर काढायला सांगणार, भिंतीला टेके लागेपर्यंत तिथे थांबणार. यात माझी पेन्शन जाईल, कदाचित मला आत बसावे लागेल. घर सुटावे म्हणून ते मृत्युपत्रावर न ठेवता उद्याच बक्षीसपत्राने केवळाबाईच्या नावे करून देतो. तेव्हा कलम १ चेही काम राहणार नाही. विमलला मी आज काही लिहिलेले नाही. तिला वर्तमानपत्रातून कळेल.

केवळाबाई उद्या बरोबर येणार आहे. तुमच्यावर इस्वास न्हाई म्हनून येते, असे तिने जाताना सांगितले.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, खोडले ते धरून खरे आहे.

मुक्काम परभणी, रविवार, तारीख २१ फेब्रुवारी १९६०

सही : दिनकर विश्वनाथ चारठाणकर

आम्हा दोघांच्या देखत दिनकररावांनी सही केली, कलम ६ वर रेघही आमच्या देखतच मारली. आणि त्यांच्या देखत आम्ही सह्या केल्या.

१. दत्तोपंत केशव जिंतूरकर, वकील, परभणी
२. अंगद सटवाजी, धंदा तेलघाणा, शेजारी