कोपऱ्यातली सही

९ जाने., शुक्र.
दादरला नव्या नाटकाचं होर्डिंग लागलंय. अक्षरं माझ्या फॉन्टची! 'भिवा' बाजारात येऊन दोन महिने झाले, पण एवढा मोठा पहिल्यांदाच पाहिला. ब्रशच्या तुटक कडा, मध्येच सुकलेला रंग, सगळं दिसतंय. फुटपाथवर वेड्यासारखी उभी राहिले. घरी बाबांना फोटो दाखवला. अक्षरं त्यांची, नावही त्यांचंच. बघितला, चष्मा काढला, टीव्ही लावला. नुसतं छान म्हणायला काय जातं?

१३ जाने.
गिरगावात मिठाईच्या खोक्यावर, परळला मिसळीच्या बोर्डावर. कंपनीचा फोन: लोकांना ते रफ टेक्स्चर फार आवडतंय, जाड अक्षरांचा बोल्डही करा. लगेच हो म्हटलं.

१७ जाने., शनि.
घोडपदेवहून दळवीकाका आले. जन्मभर बाबांबरोबर दुकानांचे बोर्ड रंगवलेले. फॉन्टचं त्यांना काही माहीत नाही. चहा पिताना दादरच्या होर्डिंगचा विषय त्यांनीच काढला. "कोणी लिवल्यान देव जाणे. हात कापता रे भिवा हेचो." आणि हसले. बाबाही हसले. मी कप उचलून आत गेले.

१८ जाने.
जुनी फाइल काढली. फॉन्ट ज्या कागदांवरून केला ते सगळे बाबांना अर्धांगवायू झाल्यानंतरचे. हाताला व्यायाम म्हणून बाबा रोज मुळाक्षरं रंगवायचे. मला ती थरथर सुंदर वाटली, अजूनही वाटते. विचारलं तेव्हा "कर काय ते" म्हणाले होते. मी तो होकार समजले.
एकाही कागदाच्या कोपऱ्यात सही नाही. बोर्ड मनासारखा झाला नाही तर बाबा खाली 'भिवा आर्ट्स' टाकत नसत, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. लहानपणापासून बघतेय. आणि मीच त्या कागदांना त्यांचं नाव...

१९ जाने.
बोलले एकदाची. माफी मागितली. बाबांनी टीव्ही बंद केला. मग, "बोर्ड बिघडला तर पुसून परत लिहायचो. हे आता कुठे कुठे पुसू?"
जेवले नाहीत. मीही नाही. लाज वाटतेय मला.

२१ जाने.
कंपनी म्हणते, नाव बदलता येईल, विकला गेलेला फॉन्ट परत घेता येणार नाही. शुक्रवारपर्यंत कळवा. बाबांना विचारलं, नाव काढू का? "थांब जरा."

२३ जाने., शुक्र.
सकाळी बाबा गॅलरीत पाटावर बसलेले. काळ्या रंगाची डबी, जुना ब्रश, उजव्या हाताला डाव्याचा आधार. 'क'पासून सुरुवात. मी ओट्यापाशीच थांबले. दुपारी कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. हात तसाच कापतोय, कदाचित जास्तच. 'ळ' मात्र असा काढलाय की बघत राहावं.
कोपरा कोरा.
कंपनीला काही कळवलं नाही. ब्रश धुवायला उचलला तर आतून म्हणाले, "असू दे तो. अजून संपलं नाही."