शनिवारची चक्कर

प्रिय मल्लिनाथ,

मी निंगव्वा, तुझ्या बापाची आई. ओळख दिलेली बरी, तुझं काही सांगता येत नाही. मागच्या खेपेला चष्मा माझ्या खिडकीत ठेवून गेलास आणि तिकडं साखर कारखान्यावर सगळ्यांना विचारत फिरलास म्हणे. शेंगाचटणीचा डबा गेला तो गेलाच. शनिवारची एसटी मात्र बरोबर आठवते. माढ्याहून निघतोस ते दिवेलागणीला भवानी पेठेत हजर.

अक्षर ओळखलंच असशील. हात तुझ्या बायकोचा, बोल माझे. फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि मागं कुणीतरी हसत असतं, म्हणून शिवानीला लिहायला बसवलंय. तुझी आई देवळात गेलीय, पोरी शाळेत. मी लांबलचक बोलले तरी ही दोनच शब्द लिहिते. मी म्हटलं, मला वाचता येत नसलं तरी ओळी दिसतात, सांगते तेवढं सगळं लिही.

आधी माझ्या तब्येतीचं. दर शनिवारी संध्याकाळी मला चक्कर येते आणि तू इमानानं लिंबूपाणी करतोस, तळपाय चोळतोस. एकदा तर डॉक्टर घरी आणलास. ते बीपी बघून म्हणाले, आजी, माझ्यापेक्षा तुमचं चांगलं आहे. तरी तुला शंका आली नाही. रात्री शिवानी उशी घेऊन माझ्या खोलीत, तू बाहेरच्या खोलीत एकटा. सोमवारी तू गेलास की मी भाकरी थापायला उभी. बाळा, मला चक्कर येत नाही. कधीच आली नव्हती.

झालं काय ते तुला अर्धं माहीत आहे, उरलेलं ऐक. पाळणा थांबवायच्या गोळ्या घेतल्या तेव्हा हिच्या डोळ्यांपुढं वीज चमकायची आणि मग अर्धं डोकं असं उठायचं की पोरींचा आवाज सोसायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बंदच केल्या. तांबी बसवली तर अंगावरून इतकं जायला लागलं की पाण्याची कळशी उचलवायची नाही. काढली. इंजेक्शननं रोज थोडं थोडं जातच राहिलं, चेहरा पिठासारखा झाला. वेगळ्या जातीची तांबी असते म्हणाल्या, पण आता आत काही बसवायचं म्हटलं की हिचे हातपाय गार पडतात. उरले निरोध. ते आणायचं तुझ्यावर सोपवलं, आणि तुझ्या आठवणीचं वर सांगितलंच आहे. दिवाळीनंतर ही दवाखान्यात कशासाठी होती ते तुला विसरता येणार नाही.

इथं हिनं पेन खाली ठेवला. चहा टाकते म्हणाली. आली ती चहा न आणता, तोंड धुऊन. मी म्हटलं, लिही.

तुझी आई म्हणाली, हिचंच ऑपरेशन करून टाका. दोन सिझर झालेलं पोट आणि अंगात रक्त नाही. बाई म्हणाल्या, आत्ता मी हात लावणार नाही. पुरुषाचं सोपं असतं, टाका नाही, त्याच दिवशी घरी. तेव्हा तू भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलास म्हणे. घरी आल्यावर आई म्हणाली, कमावत्या माणसाला सुरी लावायची नाही, पोतं उचलायची ताकद जाते. तू हुं केलंस. मी गुडघ्याचं निमित्त करून बाईंकडे गेले आणि विचारून आले. ताकद जात नाही. बाकीचंही काही जात नाही. हे लिहिताना ही लाजली. लाजू दे.

मग औषध एकच राहिलं, ते म्हणजे मी. सगळ्या सोलापुरात एवढं जुनाट औषध दुसरं नसेल. ही मला म्हणाली होती, आज्जी, मला त्यांचा राग नाही, भीती वाटते. शुक्रवारपासून हिचं जेवण कमी होतं. नवरा यायचा म्हणून बाईनं वाळावं, हे मला बघवत नाही रे.

आणि हे पत्र आजच का, तर काल तुझ्या आईनं जाहीर केलं, या शनिवारपासून म्हातारीजवळ मी झोपणार, नवराबायकोची ताटातूट नको. मायेनं म्हणाली, तिला काय बोलू? तिच्यापुढं माझा शब्द चालायचे दिवस गेले. तुलाही ऑपरेशन करच म्हणून सांगता येत नाही, अंग तुझं आहे. पायातला काटा काढताना सगळी गल्ली गोळा करणारा पोरगा तू, भितोस ते मला कळतं. फक्त शनिवारच्या आत कळव. पत्र नको. मला वाचून दाखवायला हीच आहे, नकार असला तर तो हिच्याच तोंडून ऐकायला लागेल. हातानं लिहिलं तेवढं पुरे झालं तिला. त्यापेक्षा एसटीनं खाऊ पाठव. बाईंकडे जायचं ठरवलंस तर तिकडच्या गुऱ्हाळाची काकवी पाठव. ऑपरेशननंतरही तपासणी होईपर्यंत तीनेक महिने जपायचं असतं, तेवढ्यापुरतं हिला माझ्याजवळच झोपवायला तुझ्या आईशी भांडीन. जमणार नसेल तर गूळ पाठव. मी काही विचारणार नाही, शेंगदाण्याबरोबर हिला देईन. आणि काकवी असली तर बूच घट्ट लाव, मागच्या खेपेला सगळी पिशवीतच गेली होती.

तुझीच,
निंगव्वा आज्जी