काशीआत्याच्या ‘गो’वर

१२ फेब्रुवारी, बोर्ली. संध्याकाळ.

लग्नात बायका गातात त्या धवल्यांच्या पुस्तकाची पानं ते संपादित करणाऱ्या अलिबागच्या सरांनी छपाईआधी बघायला पाठवली. पहिल्याच पानावर माझं नाव, ठळक. आत मात्र माझं सगळं स्वरलेखन सरळ करून टाकलेलं. काशीआत्याची ओळ संपते, मग हिराआत्याची सुरू होते. शाळेतल्या प्रार्थनेसारखी.

आमच्या धवलारणी अशा गातात कधी? काशीआत्याचा शेवटचा ‘गो’ लांबत असतो, तेवढ्यात त्याच्यावरच हिराआत्या पुढची ओळ उचलते. “मधी सूर तुटला तर नवरा-नवरीला बरं न्हाय, बाबू,” असं तीच म्हणाली होती. त्या एका ‘गो’साठी मी कॉम्प्युटरवर किती संध्याकाळी घालवल्या! दोघींचे सूर वेगवेगळे टाइप करायचे, एकीचे शब्द सुरांच्या वर, दुसरीचे खाली. नाहीतर अक्षरं एकमेकांवर चढतात. हे मला कोणी शिकवलं? कोणीच नाही.

सरांना फोन केला.

“अहो, गिचमिड दिसत होतं ते. वाचणाऱ्याला सोपं नको का?”

“मग ‘गो’ कुठे गेला, सर?”

“एका अक्षराने काय होतंय!”

“असं असेल तर माझं नाव काढून...”

वाटलं होतं, थांबतील, समजूत घालतील. माझा ‘टाका’ अजून तोंडातच होता, आणि ते म्हणाले, “बरं, काढतो.”

म्हणजे दुसऱ्याची ओळ संपायच्या आत आपली उचलणं त्यांना येतं. चांगलं येतं.