माहेरच्या कौलांवरून

माळवाडी, ता. नगर
१२ फेब्रुवारी १९७३

प्रिय मार्था,

तुझं पत्र येऊन आठवडा होऊन गेला. सातवा लागला, बाबा न्यायला कधी येतात, एवढंच विचारलंयस. आणि तेवढ्याचंच उत्तर मला देता येईना. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काय मला ठाऊक नाही? तुझ्या वेळी मी बैलगाडीनं हाडं खिळखिळी करून घेत माझ्या आईकडे गेले होते. तुझे बाबा तर पाळणा माळ्यावरून काढून, घासून, रंग देऊन बसलेत. रोज विचारतात, लिहिलंस का? आज लिहिते.

आधी घराचं ऐक. घर पाहावं बांधून म्हणतात, ते आम्ही पाहिलं. माझा मास्तरकीचा पगार आणि बाबांची सुतारकी, त्यातून एकेक खोली उभी राहिली. तेव्हा समोरच्या माळावर मेंढरांशिवाय काही नव्हतं. मग माळापलीकडे लष्कराचा सराव सुरू झाला, आणि आता ही जेट विमानं. एवढं मोठं आभाळ पडलंय, पण मेली वळतात ती नेमकी आपल्या कौलांवरून. आम्ही कुणाचं काय घोडं मारलंय, देव जाणे. मधल्या खोलीची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली आहे. बाबा चुना भरतात, पुन्हा तडकते, पुन्हा भरतात. शेजारच्या बनुबाईची म्हैस गाभडली. कोंबड्या अंड्यांवर बसत नाहीत. रविवारी उपासनेत पाळकसाहेब बोट वर करून थांबतात, विमान गेलं की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे चालू. परवा तर शेवटच्या आमेनलाच तीन विमानं ओळीनं आली, आणि सगळी मंडळी उभीच्या उभी! तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस.

लढाईत आम्ही काय कमी केलं गं? खिडक्यांना काळे कागद लावले, त्या विमानातल्या पोरांसाठी उपास धरून प्रार्थना केल्या. जिंकलो तेव्हा मी शाळेत गूळ वाटला. वाटलं, आता थांबेल. कसलं काय! उलट वाढलंच. बाबा गावातल्या चौघांना घेऊन विमानतळावरच्या लष्करी साहेबाकडे गेले, तर तो म्हणाला, देशाचं काम आहे, थोडं सोसा. सोसायला आमची ना नाही, पण हे थोडं म्हणजे किती ते एकदा इथं येऊन बघ म्हणावं. त्याचा बंगला झाडीत, तिथं कोकिळा ओरडतात. आणि घर विकावं तर घेणार कोण? दिवाळीनंतर राहात्याचं एक गिऱ्हाईक आलं होतं. पडवीत चहा पीत होतं, तेवढ्यात वरून एक विमान गेलं, आणि बिचारं कपबशी हातात घेऊनच बाभळीपर्यंत पळालं. बाबा पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही. कपबशी तेवढी परत आणली.

आता एक सांगते. थंडी सुरू झाली तसं मला वाटायला लागलं, मेल्यांनी आवाज कमी केला. मी बाबांना म्हटलं, तुम्ही साहेबाला भेटल्याचा उपयोग झाला हो, उंचावरून जातात आता. त्यांनी बोटानं फळी दाखवली. फळीवरच्या ताटल्या तेव्हा थरथरत होत्या, आणि एक माझ्या डोळ्यांदेखत खाली पडली. मग बनुबाई पुटपुटायला लागली. एरवी तिची हाक वेशीपर्यंत जाते. दूध उतू गेल्याचं मला वासानं कळायला लागलं. वर्गात पोरं कविता म्हणतात, मी त्यांचे ओठ बघून मान हलवते. हेडमास्तरांना अजून पत्ता नाही. कळेल तेव्हा कळेल.

मागच्या सोमवारी बनुबाई तिच्या लेकीचं तान्हं माझ्याजवळ निजवून पाण्याला गेली. मी उजेडाकडे तोंड करून हरभरा सोलत बसले होते, पोर पाठीमागे गोधडीवर. बनुबाई दारातच हंडा टाकून माझ्या अंगावरून धावली, तेव्हा कुठं मी वळून पाहिलं. पोर रडून रडून काळंनिळं पडलं होतं. ती काय बोलली ते बाबांनी नंतर माझ्या उजव्या कानात ओरडून सांगितलं. म्हणाली, आवं मास्तरीणबाई, पोरगं हातभरावर वरडतंय, अन् तुमास्नी ऐकाया येत न्हाई व्हय? तिचं काय चुकलं? मीच तिच्या जागी असते तर दोन शिव्या जास्त दिल्या असत्या.

म्हणून लिहिते, बाळंतपणाला इकडे येऊ नकोस. रात्री तू दमून झोपशील, बाबा दिवसभर रंधा मारून मेल्यासारखे पडतात; उठायचं काम माझं, आणि मला उठवणार कोण? ज्या घरापायी जन्म घालवला, त्या घरात माझ्याच लेकीला ये म्हणायची सोय राहिली नाही, याचा मला इतका संताप येतो की काय सांगू. जॉर्जरावांना नीट समजावून सांग. सासूबाई म्हणतील, माहेरच्यांनी हात वर केले. बोल लावतील तर लावू देत, मला कुठं ऐकू येणार आहेत! पाळणा घेऊन बाबा एसटीनं सोलापूरला येतील. मी बाप्तिस्म्याला येईन. तेव्हा बाळाला माझ्या मांडीवर देशील, तर त्याचं तोंड माझ्याकडे करून दे. रडलं तर मला दिसेल.

तुझीच,
आई