अंजिराच्या खोडातली भोकं

४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या शेती खात्याची नोटीस काल आली. खाली तुझी सही. बाबांनी लावलेलं अंजीर आठ दिवसांत तोडा, म्हणे. झाड पालवीनं भरलंय आणि तुम्हाला त्यात लांब मिशांचा भुंगेरा दिसतो! तुझा तपासनीस पाच मिनिटं खोड ठोकून गेला, पाणीसुद्धा प्यायला नाही. सख्ख्या बहिणीला दोन ओळी लिहायला तुझा हात मोडला होता का? कुऱ्हाड लावायची असेल तर स्वतः ये, मी झाडाखालीच बसलेली असेन.

वहिनीला नमस्कार. तिच्याशी माझं भांडण नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
चिमणी

९ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तपासनिसाला खोडात पाच भोकं सापडली. पाचही ओल्या मातीनं लिंपलेली, वर अंगठ्याचा ठसा. तो ठसा कुणाचा, हे मी त्याला सांगितलं नाही. खोटं बोलावं लागलं, त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

नीट वाच. अळी वर्ष-दीड वर्ष आतलं लाकूड खाते. ते भोक पडतं भुंगेरा बाहेर पडताना. तू लिंपलंस तेव्हा तो उडून गेला होता. मादी शेजारच्या झाडाची साल कुरतडून तिथे अंडी घालते, आणि तुझ्या कुंपणापलीकडे मास्तरांची अकरा अंजिरं आहेत. खोडाशी भुसा पडतो, हे तू गेल्या उन्हाळ्यात तुझ्या वहिनीला कळवलंस आणि मला सांगू नको म्हणालीस. तिनं परवा सांगितलं. तेव्हाच कळतं तर एका झाडावर भागलं असतं. लाड माझेच नडले.

रविवारी येतो. तोवर मास्तरांशी बोल.

आशीर्वाद आहेतच, रागासकट,
दादा

१७ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू रविवारी आला नाहीस. साहेबांनी अडवलं असेल, पण मी वाट पाहिली. सोमवारी झाड पाडलं. तोडणाऱ्यानं खोड फाडून दाखवलं. आत बोटभर रुंद बोगदे, आणि पांढऱ्या जाड अळ्या. पालवी निव्वळ वरवरची होती.

मास्तरांच्या सात झाडांतही अळ्या निघाल्या. सगळं सांगायला मी त्यांच्याकडे गेले. ते रागावतील, अशी तयारी करून गेले होते. त्यांनी एवढंच विचारलं, की गेल्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या झाडाखालच्या भुशाबद्दल विचारलं तेव्हा मी मुंग्यांचं नाव सांगितलं, ते जाणूनबुजून का. मी हो म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला आणि फाटक लावून घेतलं.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. स्वतःवरचा त्याहून मोठा आहे. उरलेली चार झाडं वाचवायला औषध कोणतं, कधी मारायचं, ते लगेच कळव. फवारणी मीच करणार. मास्तरांनी फाटक उघडलं नाही, तर कुंपणावरून.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी असू दे.
चिमणी