ओट्यावरचा कॅमेरा

२ फेब्रुवारी
सुयशचा पुण्याहून फोन. तेच तुणतुणं. आईचा गुडघा इथं दाखवू, पुण्याला राहायला या, हसनाबादला आता तुमचं कोण आहे? मला हसू आलं. माझं कोण आहे म्हणे. विस्तार अधिकारी म्हणून रिटायर होऊन आल्यापासून रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर दहा-बारा माणसं जमतात. मी मराठवाड्याच्या पाणीप्रश्नावर बोलतो, ते मान खाली घालून ऐकतात. दोन-दोन तास मान वर करत नाहीत. एवढा आदर पुण्याच्या फ्लॅटमध्ये कोण देणार? लिफ्टमधला माणूस?

सुयशला शर्त घातली. ओट्यावर कॅमेरा लाव, पुण्यात बसून महिना संपेपर्यंत बघ. ओटा भरलेला दिसला तर हा विषय कायमचा बंद. रिकामा दिसला तर घराला कुलूप लावून आम्ही दोघं येतो. नीला मध्येच म्हणाली, मला तर जायचंच होतं. शर्त दोन पुरुषांत चालली आहे, असं तिला सांगितलं.

६ फेब्रुवारी
कॅमेरे आले. दोन. भागवत केबलवाल्याने बसवून दिले, एक ओट्यावर दाराच्या वर, एक हॉलमध्ये शोकेसवर. हॉलमधला कशाला, असं सुयशला विचारलं. म्हणाला, असू द्या, घर दिसतं. मुलाला ओढ आहे. बोलून दाखवत नाही, माझ्यावर गेला आहे.

नीलाला सांगितलं, आता पुण्यातून सूनबाई बघणार, घरात नीट साडी नेसत जा, मोलकरीण दिसतेस. ती बरं म्हणाली. चहा पातळ केला होता. सगळे कप परत न्यायला लावून नवा करवला. दहा-बारा माणसांसमोर पातळ चहा म्हणजे माझी अब्रू.

गर्दी चांगली. मी बोंडअळीच्या गंभीर मुद्द्यावर होतो तेव्हा रखमाजी मोबाईलकडे बघून खो-खो हसला. शेतकरी असून बोंडअळी झेपत नाही. पुंजाराम मात्र अंगठ्याने भराभर काहीतरी टिपून घेत होता. त्याच्यात स्पार्क आहे.

९ फेब्रुवारी
सुयशने कबूल केलं. बाबा, गर्दी आहे खरी. मी फार बोललो नाही, जिंकणाऱ्याने बोलू नये.

मग म्हणाला, तुमच्या नेटला पासवर्डच नाही, अख्ख्या गल्लीला उघडं आहे. कोणीही शिरेल, कॅमेऱ्यातून घरात बघेल. आज पासवर्ड टाका. ओट्यावर येणाऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं करून द्या, दोन मिनिटांचं काम आहे. गेस्ट नेटवर्कला मी साफ नकार दिला. म्हणालो, माझ्याकडे माणसं विचार ऐकायला येतात, नेटसाठी नाही. त्याने विषय सोडला. पटलं असावं.

११ फेब्रुवारी
पासवर्ड तयार केला. मोठी एबीसीडी, लहान एबीसीडी, आकडे, स्टार, मध्ये दोन डॉलर. सरकारी खात्यातसुद्धा इतका कडक पासवर्ड नसेल. राऊटरमध्ये टाकताना सात वेळा चुकला. सातही वेळा नीला भांडी आपटत होती, माझं लक्ष उडालं. तिला तसं सुनावलं.

संध्याकाळी सगळे आले. पाच मिनिटांत चुळबुळ. रखमाजी म्हणाला, साहेब, नेट येऊन न्हाई राह्यलं. मी समजावलं की आता सुरक्षा आली आहे, पासवर्ड कोणाला देता येत नाही, आपण जायकवाडीवर बोलू. आदिनाथ म्हणाला, मला जरा जल्दी आहे. मग सगळ्यांनाच जल्दी झाली. पुंजारामने चहा मात्र पिऊन घेतला.

१२ फेब्रुवारी
ओट्यावर कोणी नाही. लग्नसराई असणार.

समाधानाची गोष्ट एकच, सुयशला दिसलं नाही. पासवर्ड बदलला की कॅमेऱ्यांनाही नवा द्यावा लागतो म्हणे. दोन्ही बंद पडले होते. हे मॅन्युअलमध्ये पहिल्या पानावर पाहिजे होतं, अकराव्या पानावर आहे. दुपारी हॉलमधला चालू केला.

१३ फेब्रुवारी
ओट्यावरचा कॅमेरा चालू करायला त्याचं बटण दाबून धरावं लागतं. तो उंचावर. मला स्टुलावर चक्कर येते, म्हणून नीलाला चढवलं. ती गुडघ्याचं पुराण लावत होती. म्हटलं, दहा सेकंदांचं काम, नखरे नको. मी खाली मॅन्युअल धरून एक-दोन-तीन मोजत होतो. आठला ती पडली. मनगटावर आपटली. आठ म्हणजे परत पहिल्यापासून. सांगितलं की पडायचंच होतं तर दोन सेकंद थांबून पडायचं होतं.

मग तिलाच परत चढवलं, तिचा उजवा हात चांगला होता. कॅमेरा सुरू झाला. दार उघडं असल्यामुळे हॉलमधल्या कॅमेऱ्यात हे सगळं आलं असणार. मी कसा शांतपणे सूचना देत होतो ते सुयशला दिसेल.

संध्याकाळी कोणी नाही. थंडी.

१४ फेब्रुवारी
सुयशचा फोन. आईचा हात कसा आहे? मी चकित. नीलाला हॉलमध्ये उभं करून विचारलं, लहानसहान गोष्टी पोराला कळवायची काय गरज? ती म्हणाली, मी कळवलं नाही. खोटं बोलते म्हणून अर्धा तास बोललो. बायकांना घरातल्या गोष्टी घरात ठेवता येत नाहीत. मनगट सुजलं आहे, हळद लावून घे म्हणालो. काळजी मी घेतोच.

१७ फेब्रुवारी
शोध लागला. सगळे समोर सर्जेरावच्या ओट्यावर बसतात. सर्जेरावच्या घराला कुलूप आहे, तो मुलीकडे जालन्याला गेला आहे. बंद घरापुढे दहा-बारा माणसं मान खाली घालून बसलेली. बोलणारा कोणीच नाही आणि तरी बसले आहेत. बराच विचार केला. शेजाऱ्याच्या घराची राखण करत असावेत. माझ्या व्याख्यानांतून सामाजिक भान आलं आहे त्यांच्यात.

१९ फेब्रुवारी
मीच तिकडे गेलो. जायकवाडी जिथे सोडली होती तिथून सुरू केली. रखमाजी म्हणाला, साहेब, हळू बोला जरा, व्हिडिओतलं कायीच ऐकू येऊन न्हाई राह्यलं. परत आलो. सर्जेराव नेट उघडं ठेवून गावाला गेला आहे, बेफिकीर माणूस. त्याच्या नेटचा आणि गर्दीचा संबंध आहे असं नीला म्हणाली. तिला म्हटलं, तुझी अक्कल चुलीपुरती आहे, तिथेच वापर. हात बरा नाही म्हणून भाकऱ्या जाड करते. ताट सरकवून दिलं.

२३ फेब्रुवारी
ओटा रिकामा. कॅमेरा मोबाईलवर हालचाल दिसल्याची सूचना पाठवतो. आज चार सूचना आल्या. तीन वेळा मीच बाहेर बघायला गेलो होतो, एकदा कुत्रं.

सुयशला फोन करून शर्त हरल्याचं कबूल केलं. मी शब्दाचा पक्का आहे. म्हणालो, येतो आम्ही, माझ्यासाठी खोली बघून ठेव, तुमच्या सोसायटीतही विचारांची भूक असेलच. तो म्हणाला, रविवारी गाडी घेऊन येतो. एवढंच. भरून आलं असणार.

१ मार्च
उद्या निघायचं. माझी बॅग भरली. भाषणांच्या फायली, शाल, सत्काराचे फोटो. नीलाची बॅग कालच भरून दाराशी ठेवलेली होती. डाव्या हाताला फडकं गुंडाळून कधी भरली कोण जाणे.

२ मार्च
सुयश आणि कल्याणी आले. कल्याणी माझ्या पाया पडली नाही. सरळ आत जाऊन नीलाचा हात बघितला आणि रडायला लागली. आजकालच्या सुना हळव्या.

माझी बॅग डिकीत ठेवायला गेलो तर सुयशने ती परत ओट्यावर आणून ठेवली. म्हणाला, बाबा, आम्ही आईला न्यायला आलो आहोत. मी शर्तीची आठवण दिली. तो म्हणाला, हॉलमधल्या कॅमेऱ्याला आवाजही येतो, तुम्हाला माहीत होतं ना? पासवर्ड बदलला ते दोन दिवस सोडले तर रोज ऐकत होतो. कल्याणीने तर नंतर ऐकणं सोडून दिलं. स्टुलावरचं आईने नव्हतं सांगितलं, आम्ही बघितलं.

मी म्हणालो, बघितलं ना, मग सूचना कशा बिनचूक होत्या तेही दिसलं असेल. त्याने डिकी बंद केली. पुढची सीट रिकामी होती. नीला मागे कल्याणीजवळ बसली. जाताना एवढंच म्हणाली, वरण फ्रिजमध्ये आहे, उद्यापर्यंत पुरेल. म्हणजे परवा येईल.

९ मार्च
नीला अजून आली नाही. गुडघा दाखवायला वेळ लागतो. तिचा फोन कल्याणी उचलते, आई झोपल्या आहेत म्हणते. सकाळी अकरालाही झोपल्या आहेत.

१५ मार्च
आज राऊटरचा पासवर्ड काढून टाकला, भागवतला बोलावून ओट्यावरचा कॅमेरा परत जोडून घेतला. सुरक्षेपेक्षा समाज मोठा. संध्याकाळी सगळे आले. पुंजाराम आला, आदिनाथ आला, रखमाजी पोरालाही घेऊन आला. ओटा इतका भरला की दोघं पायरीवर बसले. वहिनी कुठे गेल्या, असं कोणी विचारलं नाही. जायकवाडीपासून सुरुवात केली. सगळ्यांच्या माना खाली. कॅमेऱ्याच्या बरोबर मध्यभागी येईन अशी खुर्ची ठेवली होती.

बोलता बोलताच सुयशला फोन लावला. म्हणालो, आता उघड तुझं ॲप, बघ ओटा. मी जिंकलो आहे, आईला परत पाठव.

तो म्हणाला, ॲप तर मी आईला आणलं त्याच दिवशी काढून टाकलं, बाबा. आई आता इथंच आहे ना.

मी बरं म्हणालो आणि जायकवाडीवर पुढे बोललो.