मालेकचे चाळीस यार्ड

रविवार, १६ ऑक्टोबर १९२१

पुन्हा हरलो. बाहेरगावी, १९–०! मोठ्या संघांच्या फुटबॉल लीगमध्ये आमचं हे पहिलंच वर्ष. तीन सामने झाले, तिन्ही हरलो. बंबवाल्यांच्या हॉलमध्ये तीनशे माणसं होती. मैदानावरून तार आली की मी ती वाचायची, भोंग्यातून ओरडून सांगायची, आणि गडी चेंडू हातात घेऊन जितके यार्ड पळेल तितका भल्यामोठ्या फळ्यावरचा चामडी चेंडू दोरीने सरकवायचा. आज चेंडू मागेच जास्त गेला. "ओटिस, उलटी दोरी ओढतोयस का रे?" – बॅक्स्टर न्हावी. सगळे हसले. जसा काही मीच हरलो!

रविवार, २३ ऑक्टोबर

 आजचं आजच लिहून टाकतो.

मध्यंतरापर्यंत ७–० ने मागे. नंतर तारेचं यंत्र गप्प झालं. कुठेतरी तार तुटली असणार. पाच मिनिटं लोकांनी कळ काढली. मग पाय आपटायला लागले. बॅक्स्टर ओरडला, "झोपलास का?" पहिल्या रांगेत मालेकबाई बसली होती – विन्स मालेकची आई. डोक्याला तोच निळा रुमाल. पोलंडहून येऊन वीस वर्षं झाली, पण आमची भाषा तिला जेमतेमच येते. फळ्यावरचा चेंडू पुढे गेला की आपला पोरगा पुढे गेला, एवढंच तिला कळतं. ती माझ्याकडे बघत होती.

मी भोंगा उचलला. "चेंडू मालेककडे!"

का बोललो? देव जाणे. दहा यार्ड. वीस. लोक उठून उभे राहिले. तीस! मी दोरी ओढतच राहिलो. "चाळीस! पाडला त्याला, अगदी रेषेजवळ पाडला!" गुण मात्र दिले नाहीत. तेवढी अक्कल शाबूत होती, गुण उद्या पेपरात छापून येतात. लोकांनी मालेकबाईला खुर्चीसकट उचललं. ती हसत होती आणि रडत होती. आणि मला मजा आली. खोटं कशाला लिहू – फार मजा आली.

मग यंत्र वाजायला लागलं. "उत्तरार्धाच्या पहिल्याच झटापटीत मालेक बाहेर. गुडघा मोडला." म्हणजे मी त्याला फळ्यावर पळवत होतो, तेव्हा तो तिकडे चिखलात पडला होता! तो कागद मी खिशात घातला. नुसते गुण वाचले.

संध्याकाळी इस्पितळाची तार आली. ती पोचवणार कोण? गावात तारवाला एकच. मालेकबाईने शेजारणीकडून वाचून घेतली, ओट्याला धरून रडली. मग माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "पण आधी पळाला ना? तू सांगितलं. पळाला ना?"

मी "हो" म्हणालो.

सोमवार, २४ ऑक्टोबर

संघ दुपारच्या गाडीने आला, विन्सशिवाय. मालेकबाई फलाटावर हजर. कप्तान ड्वायरची बाही धरून, "माझा विन्स! चाळीस!" ड्वायरने तिच्याकडे बघितलं, मग स्टेशनच्या तारेच्या खिडकीतल्या माझ्याकडे. टोपी काढली. "हो बाई. असा पळणारा मी दुसरा नाही पाहिला." मागे सगळी पोरं खाली माना घालून उभी.

नंतर ड्वायर खिडकीशी आला. "अख्ख्या संघाला खोटं बोलायला लावलंस, ओटिस. परत हॉलमध्ये तोंड उघडशील तेव्हा याद ठेव." त्याने शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

आज सांगून टाकायचंच, असं ठरवून मालेकबाईकडे गेलो. दार उघडल्या उघडल्या तिने मला परसात ओढलं. खुराड्यापासून कुंपणापर्यंत तिने पावलांनी चाळीस यार्ड मोजलेत, दोन्हीकडे खुंट्या ठोकल्यात! शेजारणींना दाखवते म्हणे. मलाही चालवलं. मग बसवलं, कोबीच्या पानात भरलेलं मटण वाढलं. "तू चांगला माणूस. खा."

तीन खाल्ली. मुकाट्याने घरी आलो. थू माझ्या जिनगानीवर!

रविवार, ३० ऑक्टोबर

गावातच सामना. हरलो. मागून कोणीतरी म्हणालं, "आज मालेक हवा होता. परवा एकटा चाळीस यार्ड तोडत गेला!" मी मध्येच उठून आलो.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

बॅक्स्टरकडून कळलं. विन्सचा गुडघा आता कधीच वाकणार नाही. खेळणं संपलं. अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो.

रविवार, १३ नोव्हेंबर

दुपारच्या गाडीने विन्स आला. कुबड्यांवर. त्याची आई दोनदा इस्पितळात जाऊन आली होती, म्हणजे त्याला सगळं कळलेलं असणार. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. "चाळीस! चाळीस!" तो हसला नाही. वरून त्याची नजर माझी खिडकी शोधत होती. मी खिडकी लावून घेतली. एवढा मोठा बाप्या, टेबलाखाली वाकून बसलो!

मंगळवार, १५ नोव्हेंबर

सकाळी विन्स स्टेशनात आला. मी बाहेर जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. "मार मला, विन्स. खरंच मार."

त्याने कुबड्या भिंतीला टेकवल्या, बाकावर बसला. पाय सरळच राहिला. "सगळे विचारतात, कसा पळालास. आई रोज विचारते. मला काही सांगताच येत नाही." मग खाली बघत म्हणाला, "पहिल्यापासून सांग. कुठून निघालो मी?"

"डावीकडून," मी म्हणालो.

"छे! मी कायम उजवीकडून जातो. पुन्हा सांग."